विश्लेषण : मॅनहोलखालचा सेन्सर नेमके काय करतो?

२९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत अतिवृष्टी झाली. एल्फिन्स्टन परिसरात साचलेले पाणी ओसरावे म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये पडून पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर यांचा मृत्यू झाला. मुंबईत एक लाखाहून अधिक मॅनहोल आहेत. प्रत्येकावर पहारा ठेवणे अशक्य असल्याने २०२३ मध्ये महापालिकेने १४ मॅनहोलवर सेन्सर बसवण्याचा प्रायोगिक प्रकल्प हाती घेतला. झाकण चोरीला गेले किंवा उघडले, तर लगेच इशारा मिळावा हा त्यामागचा हेतू.

यंत्रणा कशी चालते?

झाकण हलल्याची नोंद घेणारा सेन्सर हा यातला सर्वांत सोपा प्रकार. दुसरा सेन्सर झाकणाच्या आतून खाली ध्वनिलहरी सोडतो आणि त्या परत येण्यास लागलेल्या वेळेवरून पाण्याची पातळी मोजतो. ही माहिती मोबाइल नेटवर्कवरून नियंत्रण कक्षात पोहोचते.

तुंबलेली जागा कशी कळते?

वरच्या बाजूच्या मॅनहोलमध्ये पाणी चढत असेल आणि खालच्या बाजूच्या मॅनहोलमध्ये उतरत असेल, तर अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे. सांडपाणी रस्त्यावर येण्याआधीच हे समजते. अमेरिकेतील साउथ बेंड शहराने २००८ पासून अशा सेन्सरच्या जाळ्याने नदीत जाणारे सांडपाणी बरेच कमी केले.

माणसाचा जीव वाचेल?

गटारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. त्याचे प्रमाण वाढले की वास येणेही बंद होते आणि माणूस क्षणात कोसळतो. सुरक्षा साधनांविना गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई ठरवली. कुठे तुंबले आहे हे वरूनच कळले, तर तिथे थेट सक्शन गाडी पाठवता येते.

अडचणी कोणत्या?

दमट, आम्लयुक्त हवेत उपकरणे गंजतात, बॅटरी संपते, भिंगावर मेण चढावे तसा सेन्सरवर तेलकट थर बसतो. मुख्य म्हणजे सेन्सर गाळ काढत नाही. इशारा आल्यावर किती मिनिटांत गाडी पोहोचते, झाकणाखाली संरक्षक जाळी आहे का आणि गटारात माणूस उतरवणे खरोखर थांबले का, यावरच या खर्चाचा हिशेब करावा लागेल.