आजीचे गुडघे, ई-रिक्षा आणि अहिल्याबाई घाट

कॅलिफोर्नियाजवळच्या कॅटालिना बेटावर अॅव्हलॉन नावाचं टुमदार बंदरगाव आहे. तिथे मोटारींवर कडक मर्यादा असल्यामुळे पर्यटक गोल्फ कार्ट भाड्याने घेतात आणि समुद्राच्या कडेने गाव बघतात. त्याचा व्हिडिओ मी आजीला दाखवला, तर तिने विचारलं, "अशी गाडी काशीला मिळते का गं?"

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. गुडघे दुखरे, पण हौस दांडगी. तिचं माहेर जामखेड तालुक्यातलं, अहिल्याबाई होळकरांच्या चौंडीपासून जवळच. काशीला अहिल्याबाईंच्या नावाचा घाट आहे, हे तिने लहानपणी ऐकलेलं. तो एकदा बघायचा, एवढीच तिची इच्छा होती. मग आजी, आई आणि मी अशा तिघी निघालो.

काशीची गोल्फ कार्ट

वाराणसीत गोल्फ कार्टचं काम ई-रिक्षा करते. चार प्रवासी, बॅटरीवर चालणारी, नियमानुसार ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग आणि दोन्ही बाजू उघड्या. जुन्या शहराच्या गर्दीत यापेक्षा वेगाने जाता येतही नाही. शेअर रिक्षात बसण्यापेक्षा आम्ही अर्ध्या दिवसासाठी पूर्ण रिक्षाच ठरवली. चढायला पायरी ठेंगणी असल्याने आजी आधाराशिवाय बसली, याचं आम्हाला केवढं कौतुक!

अस्सीहून निघालो की भदैनी लागतं. झाशीची राणी लक्ष्मीबाई, म्हणजे मोरोपंत तांब्यांची मनू, हिचा जन्म इथला. तिथे तिचं स्मारक आहे. पुढे शिवाला, सोनारपुरा करत रस्ता गोदौलिया चौकाकडे जातो. आजी रिक्षात बसून कचोरीची दुकानं, साड्यांचे बोर्ड, रस्त्यात ठाण मांडून बसलेल्या गाई बघत होती आणि रिक्षावाले भैया तिला "दादी, आराम से" म्हणत खड्डे चुकवत होते.

माझा नकाशा चुकला

मी मोबाइलमध्ये बारा घाटांची यादी केली होती. नकाशावर गोदौलियापासून दशाश्वमेध घाट अगदी जवळ दिसत होता. पण त्या भागात गर्दीच्या वेळी गाड्यांना बंदी असते. संध्याकाळची आरती गाठायची म्हणून आम्ही चौकात उतरलो आणि माणसांच्या लोंढ्यात सापडलो. अर्ध्या वाटेत आजी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. गुडघा सुजला होता. पुढे घाटाच्या पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा चढायच्या बाकीच होत्या.

"परत जाऊ या," ती म्हणाली. आरती न बघताच आम्ही मागे फिरलो. त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्या लांब आणून आजीला घाट दाखवता आला नाही तर?

सकाळी मी यादी वाचायला घेतली, तेव्हा आजीनेच थांबवलं. "बारा घाट तुझे. मला एकच बघायचाय."

रस्ता नको, नदी हवी

मग सुचलं ते खरं तर आधीच सुचायला हवं होतं. काशीचे घाट शहराच्या बाजूने उंच आणि पाण्याच्या बाजूने सोपे. पहाटे रिक्षाने अस्सी गाठलं, नावाड्याने हात दिला आणि आजी नावेत बसली. गंगा इथे उत्तरेकडे वाहते, त्यामुळे अस्सीहून निघालेली नाव प्रवाहाबरोबर जाते. हरिश्चंद्र, केदार, चौसट्टी असे एकेक घाट डावीकडे सरकत गेले.

दरभंगा घाटानंतर मुंशी घाट येतो. नागपूर संस्थानचे मंत्री श्रीधर नारायण मुंशी यांच्या नावाचा. त्याला लागूनच अहिल्याबाई घाट. याचं जुनं नाव केवलगिरी घाट. माथ्यावर होळकरांचा वाडा आणि खाली पाण्यापर्यंत दगडी पायऱ्या. दोन पावलांवरच्या दशाश्वमेधची गर्दी इथे जाणवत नाही.

अहिल्याबाईंनी 1767 ते 1795 अशी जवळपास 28 वर्षं महेश्वरहून राज्य केलं. आजचं काशी विश्वनाथ मंदिर त्यांनी 1780 मध्ये उभारलं. शेजारचा दशाश्वमेध घाट नानासाहेब पेशव्यांनी 1748 मध्ये बांधला, अहिल्याबाईंनी 1774 मध्ये तो नव्याने बांधून घेतला. पुढे भोसले घाट, शिंद्यांचा घाट, पंचगंगा घाट... मराठी माणसांच्या खुणा या काठावर जागोजागी आहेत.

आम्ही आजीला खालच्या पायरीवर बसवणार होतो. पण ती आईचा हात धरून उभी राहिली. "त्या बाईने एवढ्या पायऱ्या बांधल्या, मी चार तरी चढायला नकोत?"

चार चढली. पाचवीवर बसली. पाऊण तास आम्ही तिथेच होतो. तिने वाकून पायरीच्या दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. यादीतले बाकीचे घाट मी परतताना नावेतून पाहिले, तेही जमतील तेवढे.

घरातल्या ज्येष्ठांना नेताना

• ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दाट धुकं असतं, शाल हवीच. पावसाळ्यात गंगा चढते, खालच्या पायऱ्या बुडतात आणि नावा बंद राहतात.
• ई-रिक्षा ठरवताना भाडं, थांबण्याचा वेळ आणि रिक्षा नेमकी कुठपर्यंत जाईल हे आधी विचारा. प्रत्येक रिक्षाला शहरभर फिरता येत नाही.
• नाव जाऊन-येऊन ठरवा, म्हणजे उंच पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. लाइफ जॅकेट मागून घ्या.
• गंगा आरती नावेतूनही छान दिसते. गर्दी टळते आणि बसायला जागा मिळते.
• मुंबईहून महानगरी एक्सप्रेस, तर पुण्याहून ज्ञानगंगा एक्सप्रेस आहे. खालचा बर्थ मिळावा म्हणून तिकीट लवकर काढा.
• दिवसाला एकच ठिकाण ठरवा, आणि ते त्यांना निवडू द्या.

परतीच्या गाडीत आजीने गुडघ्याला तेल चोळत विचारलं, "महेश्वरलाही घाट आहे ना गं? तिथे नाव पायरीपर्यंत जाते का?"

आता त्याचीच चौकशी सुरू आहे.