कोल्हापूरचे चित्रपट, तबकडीवर उरलेले

कोल्हापुरात घडलेल्या जुन्या मराठी चित्रपटांचा घरगुती संग्रह म्हणजे आज मुख्यतः व्हीसीडी आणि डीव्हीडींचा संग्रह. मूळ फिती एक तर संग्रहालयात आहेत किंवा कुठेच नाहीत. बाबूराव पेंटर यांचा 1925 चा मूकपट ‘सावकारी पाश’ हरवला आहे. 1948 मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला आणि ‘मीठभाकर’ त्यांना पुन्हा चित्रित करावा लागला. 8 जानेवारी 2003 रोजी पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फितींना आग लागली. त्यात प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्हही गेल्या. नायट्रेटची फीत पेटली की विझवणे जवळपास अशक्य असते.

प्रभात फिल्म कंपनी 1 जून 1929 रोजी कोल्हापुरात स्थापन झाली आणि 1933 मध्ये पुण्याला गेली. कोल्हापुरातले तिचे मूकपट बाजारात मिळत नाहीत. 1932 चा ‘अयोध्येचा राजा’ मात्र तबकडीवर आला, तसेच पुढचे ‘संत तुकाराम’, ‘कुंकू’, ‘माणूस’, ‘शेजारी’ही. गुणवत्तेइतकेच याचे श्रेय हक्कांना आहे. कंपनी बुडाल्यावर परक्या हाती गेलेले हक्क विष्णुपंत दामले यांचे पुत्र अनंतराव दामले यांनी परत मिळवले, त्यामुळे चित्रपट एका घरात राहिले. नंतरच्या काळातल्या एकेकट्या निर्मात्यांच्या चित्रपटांना ते भाग्य लाभले नाही. हक्क वारस, वितरक आणि भांडवल पुरवणारे यांच्यात विखुरले. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (1959) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला होता, म्हणून त्याला प्रकाशक मिळणे सोपे. पण दोन आठवड्यांत उतरलेल्या चित्रपटावर पैसे घालायला कोण तयार होणार?

स्वस्ताईने काही काळ हे चित्र पालटले. 2007 च्या सुमारास मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी 28 आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला काढली, आणि जुने चित्रपट किराणा दुकानापर्यंत पोहोचले.

व्हीसीडी हे माध्यम म्हणून विलक्षण तडजोडीचे आहे. 1993 मध्ये ठरलेल्या या पद्धतीत चित्राचा आकार अवघा 352 गुणिले 288 ठिपक्यांचा असतो आणि एका तबकडीवर सुमारे 74 मिनिटे मावतात. म्हणून ‘संत तुकाराम’ला दोन तबकड्या लागतात आणि मध्यंतर दिग्दर्शकाने ठेवले तिथे न येता जागा संपेल तिथे येते. डीव्हीडीत 720 गुणिले 576 ठिपके असतात. तरीही एका डीव्हीडीवर तीन चित्रपट कोंबले की हा फायदा निम्म्याहून अधिक वाया जातो.

आवाजाची गोष्ट अधिक चमत्कारिक आहे. चित्रपट सेकंदाला 24 चित्रांनी घेतलेला असतो. पाल या दूरचित्रवाणी-पद्धतीच्या तबकडीवर तो 25 ने धावतो. परिणामी चित्रपट चार टक्क्यांनी आखूड होतो आणि आवाज दुरुस्त न केल्यास सूर सुमारे दोन-तृतीयांश अर्धस्वर चढतो. काळी एकमधले गाणे पांढरी दोनच्या वाटेला लागते. हार्मोनियम जवळ असलेल्या श्रोत्याला हा दोष ताबडतोब कळतो, आणि गोविंदराव टेंब्यांचे संगीत असलेल्या ‘अयोध्येचा राजा’सारख्या चित्रपटात तो खटकायलाच हवा.

संग्राहकाची खरी कसोटी पुढे लागते. वेष्टनावरची माहिती भरवशाची नसते: वर्ष चुकते, गाणे गाळलेले असते, कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह असते, चौकोनी चित्र रुंद पडद्यासाठी ताणलेले असते. दूरदर्शनवरून उतरवलेली प्रतही ‘ओरिजिनल’ म्हणून विकली जाते.

त्याहून मोठा धोका तबकडीच्या घडणीतच आहे. व्हीसीडीत ॲल्युमिनियमचा पातळ थर छापील बाजूच्या लाखेखालीच असतो. लोक चमकती बाजू जपतात आणि नावावर बॉलपेनने खुणा करतात, पण खालचे बारीक ओरखडे घासून बहुधा निघतात. वरचा एक खोल ओरखडा मात्र माहितीच खरवडून काढतो. डीव्हीडीत तो थर 0.6 मिलिमीटरच्या दोन पापुद्र्यांमध्ये सुरक्षित असतो. पण जोड सुटला की हवा शिरते आणि धातू काळवंडतो. संगणकावर लिहिलेल्या तबकडीतील रंगद्रव्य उन्हाने आणि उष्णतेने लवकर उतरते. कोल्हापूरच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या दमटपणाने वेष्टनाच्या कागदावर बुरशी येते, ती तबकडीलाही चिकटते.

दुकाने बंद झाली, मोझर बेअर 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत लिलावाच्या वाटेला गेली, नव्या लॅपटॉपला तबकडीसाठी खाचच नसते. यूट्यूबवर अनेक चित्रपट आहेत, पण हक्कांचा वाद उठला की रातोरात नाहीसे होतात. म्हणून घरातल्या जुन्या सीडी रद्दीवाल्याला देण्याआधी त्या एकदा चालवून पाहाव्यात. चित्रपट कुठे मिळत नसेल, तर त्याची प्रत हार्ड डिस्कवर उतरवून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे.