भला माणूस, कुचकामी अध्यक्ष? जिमी कार्टर यांच्याविषयीचे गैरसमज

जिमी कार्टर २९ डिसेंबर २०२४ रोजी गेले. शंभरी पूर्ण केलेले ते अमेरिकेचे पहिलेच माजी अध्यक्ष. श्रद्धांजलीच्या बहुतेक लेखांचा सूर एकच होता: माणूस देवासारखा, पण अध्यक्ष म्हणून अपयशी. १९८०च्या निवडणुकीत ५३८ पैकी ४८९ इलेक्टोरल मतं रोनाल्ड रेगन यांना मिळाली आणि कार्टर यांच्या वाट्याला आली ४९. इतक्या मोठ्या पराभवानंतर जिंकणाऱ्याने सांगितलेली गोष्टच लोकांच्या मनात रुजते. पुढच्या चाळीस वर्षांत कार्टर यांनी नारूविरुद्ध दिलेल्या लढ्याचं आणि हातात हातोडा घेऊन गरिबांसाठी बांधलेल्या घरांचं जगभर कौतुक झालं. ते रास्तच होतं. पण त्या कौतुकाच्या भरात त्यांच्या कारकिर्दीची चार वर्षं तपासायची राहून गेली. ती नीट तपासली तर अपयशाचा शिक्का टिकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

‘महागाई कार्टर यांनी आणली’

अमेरिकेतला महागाईचा दर १९७४ मध्येच ११ टक्क्यांवर गेला होता. तेव्हा कार्टर जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर होते. व्हिएतनाम युद्धाचा खर्च, निक्सन यांच्या काळातलं सैल पैशाचं धोरण आणि १९७३ची अरब देशांची तेलबंदी, ही त्याची मुळं. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, तेलाचे भाव पुन्हा दुपटीहून अधिक वाढले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. १९८० मध्ये महागाईची सरासरी साडेतेरा टक्के झाली.

कार्टर यांच्या चुका इथे झाल्याच. मजुरी आणि किमतींवर लोकांनी स्वखुशीने मर्यादा पाळावी, या आवाहनावर त्यांनी फार विसंबून राहण्याची चूक केली. १९७८ मध्ये फेडरल रिझर्व्ह या मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षपदी त्यांनी विल्यम मिलर यांना बसवलं, ती निवडही फसली. पण त्यानंतर त्यांनी जे केलं त्याला तोड नाही. १९७९च्या उन्हाळ्यात त्यांनी त्या पदावर पॉल व्होल्कर यांची नेमणूक केली. हा माणूस व्याजदर चढवणार, कर्जं महागणार, कारखाने मंदावणार, हे सगळ्यांना दिसत होतं. निवडणूक तर सव्वा वर्षावर आलेली. ऑक्टोबरात व्होल्कर यांनी पैशाचा पुरवठा आवळला, व्याजदर वीस टक्क्यांच्या घरात गेले आणि १९८०च्या सुरुवातीला, ऐन निवडणुकीच्या वर्षात मंदी आली. कार्टर यांनी त्यांना हटवलं नाही. १९८३ पर्यंत महागाई तीन-साडेतीन टक्क्यांवर उतरली, पण तोवर व्हाइट हाउसमध्ये रेगन होते. त्यांनीही व्होल्कर यांना कायम ठेवलं, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मात्र औषध कोणी सुरू केलं आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विसरून चालणार नाही.

‘सरकारी बंधनं रेगन यांनी तोडली’

विमानसेवेवरचं सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा १९७८चा. ट्रक वाहतूक आणि रेल्वे मोकळी करणारे कायदे १९८०चे. तिन्हींवर सही कार्टर यांची आहे.

‘रेगन यांच्या धाकाने इराणने ओलिसांना सोडलं’

२० जानेवारी १९८१ रोजी रेगन यांचा शपथविधी झाला आणि काही मिनिटांतच, क्रांतीनंतर तेहरानमध्ये ओलीस ठेवलेले ५२ अमेरिकी मोकळे झाले. वेळ इतकी अचूक जुळली, की धाकाची कथा आपोआप तयार झाली. प्रत्यक्षात सुटकेचा करार आदल्या दिवशी, १९ जानेवारीला झाला होता. अल्जीरियाच्या मध्यस्थीने कित्येक आठवडे वाटाघाटी चालल्या होत्या. कार्टर यांनी इराणची अब्जावधी डॉलरची मालमत्ता गोठवली होती. सप्टेंबर १९८० पासून इराकशी युद्धात अडकलेल्या इराणला त्या पैशाची निकड होती. धाकापेक्षा हा व्यवहार जास्त कामी आला. ओलिसांचं विमान उडू द्यायला शपथविधीपर्यंत थांबून इराणच्या राज्यकर्त्यांनी कार्टर यांना अखेरचा अपमान पचवायला लावला, इतकंच.

एप्रिल १९८० मधली लष्करी सुटका मोहीम मात्र सपशेल फसली. वाळवंटात हेलिकॉप्टरं नादुरुस्त झाली, माघार घेताना एक हेलिकॉप्टर वाहतूक विमानावर आदळलं आणि आठ जवान मृत्युमुखी पडले. कार्टर यांनी टीव्हीवर येऊन जबाबदारी स्वतःकडे घेतली. ४४४ दिवसांनी का होईना, ते ५२ जण जिवंत घरी परतले.

‘निराशेच्या भाषणाने ते बुडाले’

१५ जुलै १९७९चं भाषण आजही त्यांच्या कमकुवतपणाचा पुरावा म्हणून दाखवलं जातं. देशाचा स्वतःवरचा विश्वास ढळला आहे, उपभोगाने आयुष्याला अर्थ येत नाही, असं त्यांनी लोकांना सरळ सांगितलं. ते लोकांना आवडलं. भाषणानंतर त्यांची लोकप्रियता चढली. दोनच दिवसांनी त्यांनी अख्ख्या मंत्रिमंडळाचे राजीनामे मागितले आणि पाच जणांना घरी पाठवलं. सरकार डळमळतंय असं तेव्हा लोकांना वाटलं. नुकसान त्या गोंधळाने केलं.

‘कार्टर भारताच्या विरोधात होते’

हा समज आपल्या तारापूरमुळे पसरला. तारापूरच्या अणुवीज केंद्राला इंधन पुरवण्याचा अमेरिकेचा करार १९६३चा. १९७४ मध्ये पोखरणचा स्फोट झाला आणि १९७८ मध्ये कार्टर यांनी अण्वस्त्रप्रसार रोखणाऱ्या कायद्यावर सही केली. सगळ्या अणुकेंद्रांवर आंतरराष्ट्रीय देखरेख मान्य न करणाऱ्या देशाला इंधन देण्यावर त्याने बंदी आली. भारताला ती अट अमान्य होती. त्या वर्षी जानेवारीत दिल्लीत असताना मोरारजी देसाईंना थंड आणि रोखठोक पत्र पाठवायला हवं, असं कार्टर आपल्या परराष्ट्रमंत्र्यांशी बोलले आणि चालू राहिलेल्या मायक्रोफोनने ते जगजाहीर केलं. पण १९८० मध्ये याच कार्टर यांनी तारापूरला इंधन द्यावं म्हणून अमेरिकी काँग्रेसकडे शब्द टाकला. प्रतिनिधिगृह विरोधात गेलं, सिनेटमध्ये ४८ विरुद्ध ४६ असा निसटता कौल मिळाला आणि इंधन आलं. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा उतरल्यानंतर भारताला दुखवणं परवडणार नव्हतं, हा हिशेब त्यात होताच. तरी आपल्याच कायद्याला अपवाद करा, असं निवडणुकीच्या तोंडावर सांगणं सोपं नव्हतं.

त्यांची आई लिलियन १९६६ ते १९६८ या काळात पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या सेवायोजनेची स्वयंसेविका म्हणून विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीत आरोग्यसेविकेचं काम करत होती. तेव्हा तिचं वय सत्तरीला टेकलेलं होतं. कार्टर यांच्या भारतधोरणामागे हे नातं होतं असा दावा मी करणार नाही, पण मुंबईकराला ते ठाऊक असावं.

मग दोष कुठे होता?

इराणच्या शाहच्या तुरुंगांत काय चालतं हे जगजाहीर असताना, मानवी हक्कांची भाषा बोलणाऱ्या कार्टर यांनी ३१ डिसेंबर १९७७च्या रात्री तेहरानमध्ये त्याची तोंडभरून स्तुती केली. पूर्व तिमोर चिरडणाऱ्या इंडोनेशियाला त्यांच्याच काळात शस्त्रं मिळत राहिली. बहुमत स्वपक्षाचं असूनही काँग्रेसमधल्या नेत्यांना विश्वासात घेणं त्यांना जमलं नाही. योग्य प्रस्ताव मांडला की खासदार आपोआप पाठीशी येतील, अशी त्यांची समजूत होती. ती फार महागात पडली.

कॅम्प डेव्हिडची गोष्ट त्यांचं यश आणि उणिवा या दोन्ही बाजू दाखवते. सप्टेंबर १९७८ मध्ये त्यांनी इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात आणि इस्राएलचे पंतप्रधान मेनाहेम बेगिन यांना तेरा दिवस डोंगरातल्या विश्रामस्थानी थांबवून घेतलं. दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले तेव्हा मसुद्याचे कागद घेऊन ते स्वतः या खोलीतून त्या खोलीत फिरले. पंचवीस वर्षांत चार युद्धं लढलेल्या इजिप्त आणि इस्राएल यांच्यात १९७९च्या मार्चमधल्या तहानंतर एकही युद्ध झालेलं नाही. त्याच समझोत्यातला पॅलेस्टिनी स्वायत्ततेचा भाग मात्र कागदावर राहिला आणि वेस्ट बँकमधल्या इस्राएली वसाहती वाढत गेल्या. कार्टर यांनी हे अपुरेपण कधी झाकलं नाही. २००६ मध्ये त्यावर पुस्तक लिहून त्यांनी अमेरिकेत प्रचंड रोष ओढवून घेतला. त्यांच्याच कार्टर सेंटरच्या सल्लागार मंडळातल्या चौदा जणांनी राजीनामे दिले, तरी त्यांनी आपलं म्हणणं मागे घेतलं नाही.