शिडीवर पाय ठेवण्यापूर्वी



उज्जैनला देवास गेटच्या स्थानकावरून ज्यांनी खेड्याकडची बस पकडली आहे, त्यांनी बसच्या मागची लोखंडी शिडी पाहिलीच असेल. एक हात डोक्यावरच्या पोत्याला, दुसरा शिडीला, आणि गडी सरसर टपावर! पाहणाऱ्याला कौतुक वाटते. आम्हाला मात्र धास्ती वाटते, कारण हीच सवय पुढे घरी आणि शेतावर येते. बसची शिडी निदान बोल्टांनी जखडलेली असते, ती जागची हलत नाही. आपण गोठ्याला टेकवतो ती शिडी मात्र जमिनीच्या आणि आपल्या तोलाच्या भरवशावर उभी असते.

दहाबारा फुटांवरून पडलेल्या माणसाचा मणका मोडू शकतो. आतला मज्जारज्जू दुखावला तर कमरेखालचे अंग जन्मभर लुळे पडू शकते. मग शेत कोण कसणार, हा प्रश्न साऱ्या घरापुढे उभा राहतो.

शिडी कामाप्रमाणे निवडावी. भुशाची रास, कौले, पेरूआंब्याची तोडणी यांसाठी टेकवायची सरळ शिडी हवी. जेथे टेकवायला भिंत नाही तेथे रंगारी वापरतात तो घोडा बरा. पण घोड्याचे दोन्ही पाय पुरते फाकवून मधली साखळी किंवा पट्टी ताठ झाली पाहिजे. घोडा मिटून भिंतीला टेकवणे धोक्याचे. गोदामात पोत्यांच्या थप्पीसाठी चाकांची शिडी असते. चढण्यापूर्वी तिची चाके अडकवावीत आणि वर माणूस असताना ती ढकलू नये. शिडी आखूड पडते म्हणून दोन शिड्या दोरीने जोडणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. आणि नाताळचा तारा टांगताना टेबलावर खुर्ची, खुर्चीवर मुलगा, हे दृश्य तर घरोघरी दिसते!

बांबूची शिडी स्वस्त व चांगली, पण ती दरवर्षी तपासावी लागते. बांबूतून बारीक पीठ गळत असेल तर किडा लागला आहे असे समजावे. पेरे उकलले असतील, दोरीचे बंध कुजले असतील, तर मोह सोडून ती चुलीत घालावी. लाकडी शिडीला रंग देऊ नये. रंगाखाली चीर दिसत नाही.

आता लावण्याविषयी. चार हात उंचीला एक हात अंतर, हा हिशेब पक्का ध्यानात ठेवा. म्हणजे शिडी १२ फुटांवर टेकत असेल तर तिचा पाया भिंतीपासून ३ फूट दूर हवा. त्याहून जवळ ठेवली तर शिडी माणसासकट मागे उलटते. फार दूर ठेवली तर पाया घसरतो. पारख सोपी आहे. शिडीच्या पायाला पावलांची बोटे लावून ताठ उभे राहा आणि हात सरळ पुढे करा. तळवे खांद्याच्या उंचीच्या पायरीला आरामात पोचले, तर कोन बरोबर.

माळव्याची काळी जमीन पिकाला चांगली, शिडीला वाईट. पावसाळ्यात एक पाय रुततो, उन्हाळ्यात भेगेत जातो. दोन्ही पायांखाली एक रुंद फळी घाला. ओल्या कोटा फरशीवर तर शिडी साबणासारखी घसरते. तेथे खाली माणूस धरायला हवाच. छपरावर उतरायचे असेल तर शिडी छपराच्या वर ३ फूट निघालेली असावी आणि वरचे टोक बांधून घ्यावे.

चढताना तोंड शिडीकडे. दोन पाय व एक हात, किंवा दोन हात व एक पाय, असे तीन आधार कायम हवेत. म्हणूनच हातात कोयता नको. टोपलीत घालून दोरीने वर ओढावा. बेंबी शिडीच्या दोन बाजूंच्या मध्ये राहिली पाहिजे. फांदी लांब आहे? खाली उतरून शिडी सरकवा. दोन मिनिटे जातील, जाऊ द्या. सर्वांत वरच्या तीन पायऱ्यांवर उभे राहू नये. ज्यांना चक्कर येते, ज्यांनी दारू घेतली आहे किंवा उपवास आहे, त्यांनी त्या दिवशी खालीच राहावे.

विजेच्या तारांबद्दल एक गोष्ट निक्षून सांगतो. ॲल्युमिनियमची शिडी हलकी असते, पण तिच्यातून वीज सहज वाहते. ओला बांबूही सुरक्षित नाही. शेतावरून जाणारी ११,००० व्होल्टची तार लोंबत असेल तर स्पर्श न होताही झटका बसू शकतो. तारेखालून शिडी उभी नेऊ नये. आडवी करून दोघांनी न्यावी.

एवढे करूनही कोणी पडलाच, तर हातपाय धरून त्याला उचलू नका. पाणी, चहा पाजू नका. मान व पाठ सरळ, आहे तशी राहू द्या, पायाची बोटे हलतात का विचारा, आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. पडून स्वतः उठून बसलेल्या माणसावरही दोन दिवस लक्ष ठेवावे. ओकारी, वाढती डोकेदुखी किंवा विलक्षण गुंगी दिसली, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच दवाखान्यात न्यावे.