मुरमाच्या वाटा (लेखांक सहावा) : पाळीवरून पाळीवर

गेल्या आठवड्यात आपण वर्धा नदीच्या अंगाने, काळ्या मातीतून सायकल घेऊन गेलो. या आठवड्यात चंद्रपूरहून पूर्वेला निघू. मूल ओलांडलं की कापूस मागे पडतो आणि धानाच्या बांध्या सुरू होतात. मूल, सावली, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि वैनगंगेपलीकडचे आरमोरी, वडसा, कुरखेडा हे सगळे धानाचे तालुके. यालाच लोक झाडीपट्टी म्हणतात. जंगल, तलाव, धान, गाव, आणि पुन्हा जंगल. मुरमाच्या वाटेवर सायकल चालवायला महाराष्ट्रात यापेक्षा चांगला मुलूख मला माहीत नाही, आणि यापेक्षा जास्त सावधपणा मागणाराही नाही. हे दोन्ही एकाच कारणाने आहे. ते कारण म्हणजे तलाव.

पूर्व विदर्भात जवळपास सात हजार जुने तलाव आहेत. सरकारी कागदांत त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’. त्याची आद्याक्षरं घेऊन सगळे त्यांना मामा तलाव म्हणतात. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात पडीक जमीन मोडून तलाव बांधणाऱ्याला जमिनीची सनद मिळायची. या सनदेला ‘तुकूम’ म्हणत. चंद्रपूर शहरातला तुकूम हा भाग सगळ्यांना ठाऊक आहे, पण नकाशा उघडून पाहिलात तर खेड्यांच्या नावांनाही हा शब्द चिकटलेला दिसेल. तलाव बांधण्यात हात होता तो मुख्यतः कोहळी समाजाचा. जमिनीचा उतार नुसत्या नजरेने ओळखून पाळ कुठे घालायची हे ठरवणारी ही माणसं. पुढे मालगुजार, म्हणजे गावाचा सारा भरणारे जमीनदार, आले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. त्यानंतर गाळ, दुरुस्ती आणि पाणीपट्टी यांचे जे वाद सुरू झाले, तो वेगळ्या लेखमालेचा विषय आहे.

सायकलवाल्याने मात्र एक गोष्ट नीट समजून घ्यावी, ती म्हणजे तलाव बसतो कसा. वरच्या अंगाला टेकडी आणि जंगल. पावसाचं पाणी तिथून नाल्याने खाली येतं. त्या नाल्याला आडवी मातीची पाळ घातली की वरच्या खोलगट भागात पाणी साठतं. पाळीत खाली पाणी सोडायचं दार, त्याला इथे तुडुम म्हणतात. एका कडेला जास्तीचं पाणी वाहून जाण्यासाठी सलंग, म्हणजे सांडवा. पाळीखाली धानाच्या बांध्या. एका तलावाच्या सलंगीतून सुटलेलं पाणी बऱ्याचदा खालच्या दुसऱ्या तलावात किंवा बोडीत जातं. बोडी म्हणजे लहान तलाव, अनेकदा एकाच शेतकऱ्याच्या मालकीचा.

यातच वाट आखलेली आहे. पाळीवरून जायचं, सलंगीपाशी उतरायचं, पाण्यासोबत नहराच्या काठाने पुढे जायचं, नहर सुटला की पांदण धरायची, पांदण गावात नेते आणि गावापुढे पुढची पाळ दिसते. पाणी हळू उतरतं म्हणून वाटही हळू उतरते. दिवसभरात दम काढणारा चढ क्वचितच येतो. ज्यांनी ही पाळ घातली त्यांच्या मनात बैलगाडीशिवाय दुसरं वाहन नव्हतं, पण बैलाला जो उतार झेपतो तोच सायकलवर बसलेल्या माणसालाही झेपतो.

आता पायाखालच्या मुरमाविषयी. पुण्याकडे किंवा मराठवाड्यात मुरूम म्हणजे कुजलेला काळा दगड, बेसाल्ट. नागभीड-ब्रह्मपुरीचा मुरूम वेगळा. इथे खाली ग्नाइस जातीचा अतिप्राचीन खडक आहे. त्यातली बाकीची खनिजं पाणी-हवेने कुजून माती होतात, पण गारगोटीचे दाणे तसेच राहतात. म्हणून इथला मुरूम तांबूस, रवाळ आणि खरखरीत असतो. पाणी लवकर जिरवतो, चाकाला चिकटत नाही. पाऊस थांबून दोन दिवस झाले की मुरमाच्या रस्त्यावर सायकल बिनधास्त घालता येते. पण हाच मुरूम कोरडा होऊन सुटा झाला की वळणावर बारीक गोट्यांसारखा वागतो. वळण येण्याआधी वेग कमी करावा, वळणात ब्रेक दाबू नये. पुढचा ब्रेक तर नाहीच.

धानाच्या मुलखात आणखी एक अडचण आहे जी कापसाच्या मुलखात नाही. चिखलणीसाठी ट्रॅक्टरला लोखंडी केजव्हील लावतात. एका बांधीतून दुसरीकडे जाताना ते तसंच रस्त्यावरून गेलं तर ओल्या मुरमात आडव्या पट्ट्या उमटतात आणि दिवाळीपर्यंत त्या विटेसारख्या कडक होतात. यावर सायकल हाडं खिळखिळी करते. अशा ठिकाणी रस्त्याच्या मधोमध जाऊ नका. दोन चाकोऱ्यांच्या बाहेर, गवताच्या कडेला, हातभर जागा सपाट राहिलेली असते. गावातली माणसं तिथूनच जातात. रस्त्यावर सायकलीच्या चाकाची बारीक रेघ शोधा आणि तिच्यामागे जा. मला या जिल्ह्यांत त्या रेघेने जितकी नीट वाट दाखवली तितकी कोणत्याही मोबाइलने दाखवली नाही.

ती रेघ उमटवणाऱ्या सायकलीविषयी थोडं थांबून सांगतो. मुरमाच्या रस्त्यासाठी बनवलेल्या ज्या सायकली आता शहरांत मिळतात त्यांना ग्रॅव्हल बाइक म्हणतात. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एम्पोरिया या गावी २००६ साली अशा कच्च्या रस्त्यांवर लांब पल्ल्याची शर्यत सुरू झाली आणि हा प्रकार जगभर नावारूपाला आला. २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. या सायकलींचं मुख्य वैशिष्ट्य म्हणजे साधारण ४० मिलिमीटर रुंदीचा टायर, कमी हवा आणि ऐसपैस पकड. आता आपल्या गावातली काळी, दणकट सायकल आठवा, जिच्यावर दुधाच्या कॅन, धानाचं पोतं, शाळेची दोन पोरं जातात. तिच्या टायरवर लिहिलेलं असतं २८ × १½. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. कच्च्या रस्त्याला किती रुंद टायर लागतो हे झाडीपट्टीतल्या माणसाला कोणी शिकवायची गरज पडली नाही. नवी सायकल घ्यायची ऐपत नसेल तर अडून बसू नका. ती काळी सायकल घ्या, ब्रेकचे रबर बदला, चेन पुसून तेल घाला, मागच्या टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवा आणि निघा. बाभळीच्या आणि बोरीच्या काट्यांसाठी पंक्चरचं सामान आणि पंप मात्र सोबत हवाच. पाळीवर पंक्चरचं दुकान नसतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने नागभीडला उतरावं. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावरचं हे जंक्शन. इथून नागपूरला जाणारी नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, पण मुख्य मार्ग चालू आहे. नागभीडजवळ घोडाझरीचा तलाव आहे. हा मामा तलाव नव्हे. इंग्रजी अमलात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंचनासाठी तो बांधला. तीन बाजूंना टेकड्या, एका बाजूला भिंत. भिंतीवर उभं राहिलं की वर सांगितलेली सगळी रचना मोठ्या आकारात समोर दिसते, म्हणून सुरुवात इथून. भिंतीपलीकडच्या जंगलाला २०१८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. ताडोबा आणि उमरेड-कऱ्हांडला यांच्यामधल्या वाघांच्या येण्याजाण्याच्या पट्ट्यात ते आहे. तिथे वनविभागाच्या परवानगीशिवाय सायकल घालायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

घोडाझरीच्या खालच्या अंगाने, नहर आणि पांदणी धरून तळोधी (बाळापूर)कडे जाता येतं. याच भागात नांदेड नावाचं छोटं गाव आहे. मराठवाड्यातलं नांदेड नव्हे. इथे दादाजी खोब्रागडे राहायचे. दीड एकराचा शेतकरी. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ जातीच्या धानात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, जपून ठेवल्या, वर्षामागून वर्ष पेरून निवडत गेले. त्यातून जे बारीक तांदळाचं वाण तयार झालं त्याला १९९०च्या सुमारास एका व्यापाऱ्याने त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचं नाव दिलं, एचएमटी. आज हा तांदूळ महाराष्ट्राबाहेरही पिकतो. दादाजी जून २०१८ मध्ये गेले. नांदेडच्या धुऱ्यावरून सायकल नेताना मी दर वेळी उतरतो आणि चालतो. एका माणसाने बांधीत वाकून दोन-चार लोंब्यांकडे नीट पाहिलं आणि लाखो ताटांत भात बदलला. त्या बांधीच्या कडेने सपाट्याने जावंसं वाटत नाही.

नोव्हेंबरात इथे धानकापणी संपत आलेली असते. कापलेल्या धानाचे पुंजणे बांध्यांत उभे असतात, कुठे मळणीयंत्र चालू असतं. पांदणीवर समोरून धानाने भरलेली गाडी आली तर सायकल उचलून बांधीत उतरायचं. ही वाट त्यांच्या कामाची आहे, आपण तिच्यावरचे फक्त पाहुणे आहोत. पाळीचंही तसंच. पाळ ओली असताना तिच्यावर सायकल घालू नका. चाकाने पाडलेल्या चरीतून पाणी वाहायला लागतं, चर खोल होते आणि पुढच्या पावसाळ्यात पाळ तिथेच कापली जाते. पाळ फुटली तर खालच्या साऱ्या बांध्यांत वाळू भरते.

आता सगळ्यात महत्त्वाचं.

सायकलवाल्यांची सवय असते की तलाव दिसला की त्याला पूर्ण फेरी मारायची. मुंबईत पवईला, ठाण्यात उपवनला ते ठीक आहे. झाडीपट्टीत तलावाला प्रदक्षिणा घालू नका. वर सांगितलेली रचना आठवा. पाळीच्या बाजूला गाव आणि धान, पलीकडच्या बाजूला जंगल. पलीकडचा काठ हा चितळ, रानडुक्कर आणि त्यांच्यामागे येणाऱ्या वाघाचा पाणवठा आहे. पाळ ही माणसाच्या आणि जनावराच्या मुलखातली सीमा आहे. ब्रह्मपुरी वनविभागातले वाघ हे काही फक्त ताडोबाच्या गेटच्या आतले वाघ नाहीत. ते गावाशेजारच्या जंगलात राहतात, आणि सरपण, मोह किंवा तेंदूपानं गोळा करायला, गुरं चारायला गेलेली माणसं त्यांच्या हल्ल्यात मरतात. ज्या घरात असं झालं आहे त्या घराच्या अंगणासमोरून तुम्ही सायकल घेऊन जाणार आहात. तिथे ‘वाघ दिसला का’ असं उत्साहाने विचारू नका.

म्हणून इथल्या सहलीची आखणी किलोमीटरवर करू नये, घड्याळावर करावी. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. सकाळी साडेआठच्या आधी आणि दुपारी साडेतीननंतर पाळीवर किंवा जंगलालगतच्या पांदणीवर असू नये. मधल्या सात तासांत जेवण, चहा, पंक्चर आणि गप्पा धरून ३५ ते ४० किलोमीटर सहज होतात. त्याहून जास्त करण्याचा मोह धरू नका. एकट्याने जाऊ नका. कानात गाणी नकोत, घंटी वाजती हवी. निघताना गावात पोलीस पाटलाला किंवा बीटाच्या वनरक्षकाला विचारा. बऱ्याच गावांत वनविभागाने तयार केलेलं प्राथमिक प्रतिसाद दल असतं, गावातलीच तरुण मुलं. कालच्या रात्री कोणत्या बाजूला हालचाल होती ते त्यांना माहीत असतं. ते ‘त्या पाळीनं नका जाऊ जी भाऊ’ म्हणाले तर त्या पाळीने जायचं नाही, विषय संपला. आणि लघवीलासुद्धा रस्ता सोडून शेतात फार आत जाऊ नका. रानडुकरांपासून पीक वाचवायला कुंपणाच्या तारेत वीज सोडण्याचा जीवघेणा प्रकार अजून थांबलेला नाही.

वैनगंगा ओलांडून गडचिरोलीत गेलं की हत्तींचीही चौकशी करावी लागते. २०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडमधून रानहत्तींचा कळप आला आणि कुरखेडा, वडसा, आरमोरी या भागातल्या जंगलांत फिरू लागला. कळप जवळपास आहे असं कळलं तर त्या दिवशी फक्त डांबरी रस्ता, किंवा सायकल भिंतीला टेकवून सुट्टी.

सगळं ठीक असेल तर ब्रह्मपुरीहून पुलाने आरमोरी आणि तिथून वैरागड हा माझा सगळ्यात आवडता दिवस आहे. आरमोरीला कोशाचं रेशीम विणतात. त्यासाठीचे कोश या भागातले ढिवर लोक जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर वाढवतात. पाखरांपासून अळ्या वाचवायला माणूस दिवसभर झाडांखाली राखण करत बसलेला असतो. तलावात मासे धरणारे आणि शिंगाडा काढणारेही बहुतेक तेच. पाण्याची आणि झाडाची अशी दोन्ही शेती करणाऱ्या या माणसांशी दहा मिनिटं बोललात तर कोणती पाळ पक्की, कोणती सलंग वाहती आहे, हे सगळं कळतं. सलंगीवर शेवाळ असतं, तिथे उतरून चालावं. वैरागडचा किल्ला झाडीत बुडालेला आहे, खंदक अजून ओळखू येतो. अबुल फझलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त इथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहे. आज तिथे दुपारी पोपटांचा आवाज असतो आणि उतरती सावली. दोन वाजायच्या आत निघावं.

परतीला वडसा गाठावं, रेल्वे तिथेच आहे. दिवाळीनंतर या वाटेवर गावोगाव मंडई, म्हणजे इथल्या जत्रा, भरतात आणि होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं चालतात. वडसा हे त्या रंगभूमीचं ठाणं, नाटक मंडळ्यांची कार्यालयं इथेच आहेत. सायकल स्टेशनावर लावून चहा प्यायला बाहेर आलं की भिंतीवर आज रात्री कोणत्या गावात कोणतं नाटक आहे याची पत्रकं चिकटवलेली दिसतात. त्यातली निम्मी गावं तुम्ही दुपारी पाळीवरून पाहिलेली असतात. मंडप बांधणारी पोरं तुम्हाला ‘रात्री या जी’ म्हणालेली असतात. गाडीला वेळ असेल तर जावं, पण सायकलने नाही. कोणाच्या तरी चारचाकीत बसून जावं. नाटक पहाटेपर्यंत चालतं, अंगावर चादर घ्यावी.

(पुढील आठवड्यात : आसोलामेंढा आणि गोसेखुर्दच्या नहरांचे रस्ते)