पट्टी ‘निगेटिव्ह’ आली तरी अंग तपासून घ्या

वर्षावासात संध्याकाळी विहारात ग्रंथवाचनाला बसणाऱ्या तेल्हाऱ्याकडच्या माता-भगिनी दिवसभर निंदणाला असतात, धुऱ्यावरचे गवत कापतात. त्या गवतात आणि उंदरांच्या अंगावर चिगर नावाचा अतिसूक्ष्म किडा असतो. त्याच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर या तापाने हजारो सैनिक आजारी पडले. लष्कराला तो तेव्हापासून ठाऊक. विदर्भात त्याचा गाजावाजा झाला तो २०१८ साली, नागपूर भागात माणसे दगावल्यावर!

आता तपासणीची पट्टी निघाली आहे. रक्ताचा थेंब टाकला की १५-२० मिनिटांत निकाल. सोय मोठी, पण ही पट्टी जंतू शोधत नाही. जंतूंशी लढायला शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, ती शोधते. आणि ती तयार व्हायला साधारण आठवडा जातो. तापाच्या तिसऱ्या दिवशी रेषा उमटली नाही, म्हणजे आजार नाही असे नव्हे.

अशा वेळी अंगच पुरावा देते. चावल्या जागी विडीच्या चटक्यासारखी काळी खपली येते. सगळ्यांनाच येते असे नाही. आली तर बहुधा काखेत, जांघेत, स्तनाखाली. दुखत नाही म्हणून कळत नाही, कळली तरी लाजेपोटी लपवली जाते. (ही लाज फार महाग पडते.) डॉक्टर पुरुष असतील तर नर्सबाईंना दाखवा, पण दाखवा. शेतात जाते, हेही आपणहून सांगा. संशय पक्का असला तर डॉक्टर पट्टीसाठी न थांबता डॉक्सिसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध सुरू करतात. वेळेवर मिळाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. गरोदर भगिनीने मात्र तसे आधी सांगावे. तिला दुसरे औषध देतात.