हवामापक यंत्राचा आकडा कसा वाचावा?

बसवनगुडी व परिसरातील नागरिकांसाठी माहिती

१८९८ मध्ये बेंगळुरूत प्लेगची साथ पसरली. त्यानंतर दाट वस्तीतील लोकांना मोकळी हवा मिळावी म्हणून ज्या वसाहती आखण्यात आल्या, त्यांपैकी बसवनगुडी ही एक होय. आज येथील रस्त्यांवर वाहनांची वर्दळ आहे आणि काही घरांत हवेतील सूक्ष्म धूलिकण मोजणारे लहान यंत्रही आले आहे. हे यंत्र उपयुक्त आहे. मात्र त्याचा आकडा जाणतेपणाने वाचणे आवश्यक आहे.

यंत्र कसे मोजते?
यंत्रातील लहान पंखा हवा आत ओढतो. त्या हवेवर लेसर किरण सोडला जातो. धूलिकणांमुळे विखुरलेला प्रकाश संवेदक टिपतो आणि त्यावरून पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रोमीटर वा त्याहून लहान कणांचे प्रमाण काढले जाते. हे कण फुप्फुसांत खोलवर जातात. त्यांच्यामुळे दमा व हृदयविकार बळावू शकतात. यंत्र कणांचे वजन करीत नाही, केवळ प्रकाशावरून अनुमान करते, हे ध्यानात ठेवावे.

अनुमान कोठे चुकते?
पहाटेच्या दमट हवेत कण ओलावा शोषून फुगतात व अधिक प्रकाश विखुरतात. त्यामुळे आकडा वास्तवापेक्षा जास्त दिसतो. याउलट रस्त्यावरील व बांधकामाची जाड धूळ यंत्राला नीट मोजता येत नाही. वाहनांच्या धुरातील विषारी वायू तर त्याला दिसतच नाहीत. म्हणून डीव्हीजी रस्त्यालगत आकडा कमी दिसला, तरी हवा निर्धोक आहे असे समजू नये.

आकडा कोणता, हे पाहावे
भारतातील मानकानुसार पीएम २.५ ची २४ तासांची सरासरी प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावी. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५ ची आहे. ६० मायक्रोग्रॅम म्हणजे भारतीय हवा गुणवत्ता निर्देशांकानुसार १००. अमेरिकी पद्धतीत तोच निर्देशांक १५० च्या वर जातो. आपले यंत्र मायक्रोग्रॅम दाखवते की निर्देशांक, आणि कोणत्या देशाचा, हे प्रथम तपासावे.

आपण काय करावे?
• यंत्र सावलीत, श्वासाच्या उंचीवर ठेवावे; स्वयंपाकघर व उदबत्ती यांपासून दूर असावे.
• क्षणिक आकड्याऐवजी किमान एका तासाची सरासरी पाहावी.
• जयनगर येथील शासकीय केंद्राची नोंद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ ॲपवर पाहून तुलना करावी.
• दोन्हीकडे प्रमाण वाढलेले असल्यास, तसेच दिवाळीत फटाक्यांच्या धुराच्या वेळी, बालके, गर्भवती, वृद्ध व दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी बाहेरील श्रम टाळावेत. बाहेर जाणे अपरिहार्य असल्यास चेहऱ्यावर घट्ट बसणारा एन-९५ मुखपट्टा वापरावा.
• कचरा वा पालापाचोळा जाळू नये.

आकडा चांगला दिसतो म्हणून इनहेलर वा अन्य औषध स्वतःहून बंद करू नये. धाप लागणे, छातीत दुखणे किंवा ओठ निळसर होणे अशी लक्षणे दिसताच यंत्राकडे न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.